तांब्याचा भाव वाढला की इतिहास का वितळतो? दायमाबादच्या रथापासून सोनपेठच्या मोडीपर्यंत

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जग बंद पडलं, तेव्हा लंडन मेटल एक्स्चेंजवर एक टन तांब्याचा भाव ५ हजार डॉलरच्याही खाली गेला होता. मे २०२४ मध्ये तो ११ हजारांच्या वर गेला आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याने १३ हजार डॉलरचा टप्पाही ओलांडला.

आता तुम्ही म्हणाल, लंडनच्या बाजाराशी परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठचा काय संबंध? तर संबंध थेट माळ्यावरच्या भांड्यांशी आहे. सोनपेठ असो, गंगाखेड असो की पाथरी, जुन्या घरात एखादी तरी पेटी किंवा पोतं असतंच. त्यात आजीची काशाची ताटं, पितळेचे डबे, एखादा तांब्याचा हंडा, तडा गेलेली घंटा असं काहीबाही असतं. तांब्याचा भाव वाढला की ही पेटी उघडली जाते. वस्तू तराजूत पडतात, वजन होतं, ‘मोड’ म्हणून पैसे मिळतात आणि भांडी भट्टीकडे जातात.

यात बेकायदा काहीच नाही. अनेकदा चूकही नाही, घरात पैशांची गरज असते. पण प्राचीन जगातलं कांस्य आज इतकं कमी का उरलं, याचं उत्तरही याच तराजूत आहे. आणि जे थोडं उरलं, त्यातला भारतातला सगळ्यात थक्क करणारा साठा आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यात सापडला. म्हणून आज कांस्याची गोष्ट समजून घेऊ.

कांस्य म्हणजे नेमकं काय?

आपल्या बोलण्यात तांबं, पितळ आणि कासं यांची बरीच सरमिसळ होते. तांबं हा मूळ धातू. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. तांब्यात कथिल मिसळलं की कांस्य, म्हणजेच आपलं कासं. कल्हईवाला भांड्याला आतून जो पांढरा मुलामा देतो, तेच हे कथिल.

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. कथिल अवघ्या २३२ अंशांना. तांब्यात साधारण दहा टक्के कथिल घातलं तर मिश्रण शुद्ध तांब्यापेक्षा कमी तापमानाला पातळ होतं, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट शिरतं आणि थंड झाल्यावर तांब्यापेक्षा बरंच कठीण होतं. शुद्ध तांब्याची कुऱ्हाड चार घाव घातले की बोथट होते. कांस्याची धार टिकते.

कथिलाचं प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेलं की धातू आणखी कठीण होतो, पण ठिसूळही होतो. घंटा, टाळ आणि काशाची ताटं-वाट्या याच प्रकारच्या मिश्रणाच्या असतात. म्हणून काशाच्या वाटीवर टिचकी मारली की आवाज बराच वेळ घुमत राहतो आणि तीच वाटी फरशीवर जोरात पडली तर तडकते. पितळेची वाटी पडली तर तिला पोचा येतो. घरातलं भांडं कोणत्या धातूचं आहे हे ओळखायची ही जुनी, सोपी खूण.

हा शोध माणसाला साधारण पाच हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात लागला आणि पुढे त्याने एका अख्ख्या काळाला नाव दिलं, कांस्ययुग. सिंधू संस्कृती, मेसोपोटेमिया, इजिप्त आणि चीनमधलं शांग राजघराणं या सगळ्यांची हत्यारं, भांडी, मूर्ती या धातूवर उभी होती. मोहेंजोदडोला १९२६ मध्ये सापडलेली ‘नर्तकी’ शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिची उंची फक्त साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या तळव्यात मावेल एवढी.

आता महाराष्ट्रातल्या वस्तूंकडे येऊ. त्यांच्यापुढे ही नर्तकी अगदी छोटी वाटते.

दायमाबादला काय सापडलं?

दायमाबाद हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरा नदीच्या काठचं गाव. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पैठणवरून वाहत सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यापर्यंत येतं. म्हणजे सोनपेठच्या लोकांसाठी दायमाबाद हे परकं गाव नाही, एकाच नदीच्या वरच्या अंगाचं गाव आहे.

१९७४ मध्ये तिथे झुडपाची मुळं खणणाऱ्या एका भिल्ल शेतमजुराला जमिनीत धातूच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला आणि उभा सारथी असलेला रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर आणि सारथ्याची उंची १६ सेंटिमीटर. रथाच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. रेडा ३१ सेंटिमीटर उंच आहे आणि चाकांच्या चौकटीवर उभा आहे. गेंड्यालाही चाकं आहेत. हत्तीच्या पाट्याला चाकांसाठी जागा आहे, पण चाकं मिळाली नाहीत. चारही वस्तू आतून पोकळ नाहीत, भरीव ओतलेल्या आहेत आणि त्यांचं एकूण वजन ६० किलोपेक्षा जास्त आहे.

या गावाचं पुरातत्त्वीय महत्त्व त्याआधीच कळलं होतं. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी हे स्थळ शोधलं, त्यानंतर एम. एन. देशपांडे यांच्या नेतृत्वाखाली पहिलं उत्खनन झालं. वस्तू सापडल्यावर १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि पुढे १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी तिथे खोदकाम केलं. एकावर एक अशा पाच वस्त्यांचे थर निघाले. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. साधारण इसवी सन पूर्व २२०० ते १००० असा हा काळ. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या. सिंधू संस्कृतीचा वारसा सांगणारे लोक गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आले होते, हे त्यावरून स्पष्ट झालं.

मग वाद कशाचा आहे?

वाद वयाचा आहे. चारही वस्तू शास्त्रीय उत्खननात सापडल्या नाहीत. त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणतं खापर होतं, राख होती का, याची नोंद खणताना झाली नाही. पुरातत्त्वात वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची असते, कारण बहुतेक वेळा वय जागा सांगते.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाचा आधार घेऊन शंका उपस्थित केली. या वस्तूंत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे आणि त्या काळातल्या इथल्या इतर तांब्याच्या वस्तूंत असं आर्सेनिकचं मिश्रण दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे आपण ज्यांना सर्रास ‘दायमाबादचे कांस्य’ म्हणतो, ते कथिलाच्या नेहमीच्या हिशोबाचं कासं आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आर्सेनिकचं इथे काय काम? कथिल हाताशी नसताना तांब्याला कठीणपणा देणारा हा दुसरा पदार्थ. काही खनिजांत तो तांब्याबरोबर आपोआपच येतो. जगात अनेक ठिकाणी कथिलाच्या कांस्याआधी आर्सेनिकयुक्त तांबं वापरलं गेलं. त्याची वाफ विषारी असते, त्यामुळे ओतणाऱ्याच्या जिवाला त्याचा धोका होता.

थोडक्यात, एका टक्क्याच्या मोजमापावरून पन्नास वर्षांचा वाद उभा राहिला. वस्तू जागेवरच नोंदली गेली असती तर तो कदाचित झालाच नसता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

कथिल यायचं कुठून?

तांबं जगात बऱ्याच ठिकाणी मिळतं. कथिल मोजक्या ठिकाणी. त्यामुळे कांस्य वापरायचं म्हणजे लांबच्या व्यापाराला पर्याय नव्हता. याचा सगळ्यात भक्कम पुरावा तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी मिळाला. उलुबुरुन नावाच्या ठिकाणी इसवी सन पूर्व चौदाव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथिल होतं. दहाला एक, म्हणजे जवळपास कांस्याच्याच प्रमाणात माल भरलेला.

दख्खनमध्ये तर धातू फारच जपून वापरला जायचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने जोर्वे, नेवासे, इनामगाव इथे जी उत्खननं केली, त्यांतून हे चित्र समोर आलं. तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, मणी मिळाले, पण रोजचं कापायचं-तासायचं काम गारगोटीसारख्या दगडाच्या लहान पात्यांवर चालत होतं. म्हणूनच या काळाला महाराष्ट्रात ‘ताम्रपाषाण युग’ म्हणतात. तांबंही आणि दगडही.

या पार्श्वभूमीवर ६० किलो धातू चार मूर्तींत ओतणं म्हणजे काय, याचा विचार करा. एवढ्या धातूत कितीतरी कुऱ्हाडी झाल्या असत्या. त्या समाजाने तो रथ आणि प्राण्यांसाठी वापरला. पूजेसाठी असेल, मिरवणुकीसाठी असेल, पण ही वस्तू गावासाठी फार मोठी होती एवढं नक्की.

आजही कथिलाची गोष्ट फार बदललेली नाही. भारतात कथिलाचं खनिज काढणारं राज्य एकच, छत्तीसगड, तेही दंतेवाडा-बस्तर भागात आणि थोड्या प्रमाणात. तांब्याची मोठी खाण आपल्या गोंदियाच्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडला आहे. पण देशाची गरज त्याहून कितीतरी मोठी. त्यात तमिळनाडूतल्या तुतिकोरिनचा मोठा तांबे प्रकल्प मे २०१८ मध्ये बंद झाला आणि शुद्ध तांब्यासाठी भारताचं आयातीवरचं अवलंबित्व वाढलं. इलेक्ट्रिक गाड्या, वीजवाहिन्या, डेटा सेंटर या सगळ्यांना तांबं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग या अवाढव्य खाणीत चिखलाचा लोंढा घुसला आणि पुरवठा आणखी ताणला गेला. तिकडे खाण बंद पडते आणि इकडे मोडीचा भाव वाढतो, तो असा.

जुनं कांस्य इतकं कमी का उरलं?

कारण कांस्य कधीच वाया जात नाही. मातीचं मडकं फुटलं की खापर उरतं, त्याला कुणी उचलत नाही. काशाचं भांडं फुटलं तरी त्याची किंमत उरते. वितळवा, पुन्हा ओता. हा धातूचा मोठा गुण आहे आणि इतिहासासाठी तोच घातक आहे.

ग्रीकांनी कांस्याचे हजारो पुतळे केले होते. आज जे उत्तम नमुने उरलेत, त्यातले बरेचसे समुद्रातून निघालेत, कारण बुडालेल्या जहाजापर्यंत भट्टीवाला पोहोचू शकला नाही. इटलीतल्या रियाचे गावाजवळ १९७२ मध्ये मिळालेले दोन योद्धे हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. रोममधल्या पँथिऑन मंदिराच्या मंडपातलं कांस्य सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी काढून घेतलं आणि त्यातल्या बऱ्याचशा धातूच्या तोफा ओतल्या. चीनमध्ये १९३९ मध्ये आन्यांग इथे गावकऱ्यांना शांग काळातलं ८३२ किलोचं कांस्यपात्र सापडलं. जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ते पुन्हा जमिनीत पुरलं आणि १९४६ मध्ये बाहेर काढलं. म्हणून ते आज आहे.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ. ही कांस्याची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे मराठवाड्यातल्या परांडा किल्ल्यावर होती आणि तिथून विजापूरला गेली. १८५४ मध्ये इंग्रजांनी नको असलेलं सामान म्हणून तिचा लिलाव मांडला. बोली आली अवघी १५० रुपयांची. नंतर विक्री रद्द झाली म्हणून तोफ वाचली.

घंटांचं नशीब मात्र चांगलं निघालं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी आणल्या. त्या वितळवून तोफा करता आल्या असत्या. त्याऐवजी त्या भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर मंदिर, वाईजवळचं मेणवली अशा ठिकाणी टांगल्या गेल्या आणि आजही तिथे आहेत.

आता पुन्हा दायमाबादकडे या आणि एक साधा हिशोब करा. ६० किलो तांबं, जानेवारी २०२६ च्या आंतरराष्ट्रीय भावाने, साधारण सत्तर हजार रुपयांचं. मोडीत त्याहूनही कमी. १९७४ मध्ये तर फारच किरकोळ. भारताच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात जागा मिळवणारा रथ आणि भट्टी यांच्यात अंतर होतं ते एवढंच. तो वितळला नाही, याचं श्रेय आधी त्याला जमिनीतून काढणाऱ्या हातांना द्यायला हवं.

हे सगळं घडवणारे हात कुठे गेले?

धातूची मूर्ती ओतायची आपल्याकडची पद्धत म्हणजे ‘मधूच्छिष्ट विधान’. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, भाजायचं. मेण वितळून बाहेर जातं आणि आतल्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती निघते, त्यामुळे तशी दुसरी निघत नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. मेणाच्या वजनाच्या किती पट कोणता धातू घ्यायचा, याचा हिशोब त्यात दिला आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून.

भांड्यांचं काम वेगळं. काशाची लगड तापवून लाल असतानाच ठोकायची. थंड झाल्यावर ठोकली तर फुटते. किती तापवायचं, कधी थांबायचं हे रंगावरून कळतं आणि ते शिकायला वर्षं लागतात. तांबं ठोकणारे ते तांबट, काशा-पितळेचं काम आणि व्यापार करणारे ते कासार. पुण्यात तांबट आळी आहे, अनेक गावांत कासार गल्ली आहे. मराठवाड्यात मात्र ‘कासार’ म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बांगड्या भरणारा माणूस येतो. नाव राहिलं, पण भट्टी विझली. स्टील स्वस्त आलं, कल्हईची कटकट संपली आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं. यात गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही.

सरकार यात काय करतं? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज. यादीत लोहार आहे, सोनार आहे, मूर्तिकार आहे. तांबट किंवा कासार हे नाव स्वतंत्रपणे नाही. धातूकाम करणाऱ्याला लोहाराच्या शीर्षकाखाली आपली जागा शोधावी लागते. पंजाबात जंडियाला गुरू इथल्या ठठेरांच्या पितळ-तांब्याच्या भांडीकामाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, हे या निमित्ताने आठवायला हवं.

एक दिलासा जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तांब्याच्या घरगुती भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण कच्चा मालच महागला असेल तर करातली सात टक्क्यांची सूट त्यातच विरघळते.

दुसरीकडे शहरात काशाला नवं गिऱ्हाईक मिळतंय. काशाच्या वाटीने तळपाय चोळण्याची यंत्रं दुकानादुकानांत दिसतात. तळपाय काळे झाले की ‘शरीरातली उष्णता निघाली’ असं सांगितलं जातं. ते तसं नाही. तूप किंवा तेल आणि घाम यांची तांब्याशी रासायनिक क्रिया होते, त्यातून काळपट थर तयार होतो. चोळून बरं वाटत असेल तर जरूर चोळा, पण काळा रंग धातूचा आहे.

कांस्य टिकतं, मग पुतळे का पडतात?

४ डिसेंबर २०२३ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणं दिली.

लोकांना प्रश्न पडला, कांस्य तर हजारो वर्षं टिकतं ना? टिकतं. कांस्यावर हवेने हिरवट थर येतो आणि तो आतल्या धातूला बऱ्यापैकी सांभाळतो. पण आजचे मोठे पुतळे दायमाबादच्या हत्तीसारखे भरीव नसतात. बाहेर कांस्याचं कवच आणि आत पोलादाचा सांगाडा अशी रचना असते. खारी हवा लागली की पोलाद गंजतं. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून असतील तर त्यातला दुबळा धातू आणखी वेगाने झिजतो. पुतळ्याचं आयुष्य ठरतं ते बाहेरून न दिसणाऱ्या भागावर.

त्या जागी नवा ६० फुटी कांस्य पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला, तो शिल्पकार राम सुतार यांचा. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावात जन्मलेले सुतार डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. मुंबईत इंदू मिलच्या जागेवर होणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं कामही त्यांचंच.

गावोगावी वर्गणीतून, आमदार निधीतून पुतळे उभे राहत आहेत. ठराव करताना उंची विचारली जाते. मिश्रधातूत कथिल किती, पत्र्याची जाडी किती, आतला सांगाडा कशाचा, दरवर्षी तपासणी कोण करणार, हे प्रश्नही त्याच बैठकीत विचारता येतात.

शेतात किंवा घरात जुनं काही सापडलं तर?

गोदाकाठी नांगरताना, विहीर खणताना, जुना वाडा पाडताना काहीतरी सापडणं नवं नाही. सातवाहनांची तांब्याची, शिशाची आणि ‘पोटीन’ या मिश्रधातूची नाणी या पट्ट्यात मिळतात. अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीला मिळालेल्या जैन धातुमूर्ती आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू निघाल्या, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते.

पण सापडल्यावर लोक घाबरतात. ‘सरकार जप्त करेल’, ‘पोलीस मागे लागतील’ या भीतीने वस्तू लपवली जाते किंवा गुपचूप विकली जाते. कायदा काय म्हणतो ते बघू.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, किती, कुठे आणि कधी, एवढं त्यात हवं. सोनपेठसाठी जिल्हाधिकारी परभणीला, पण आधी तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घेता येते. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा हक्क जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

कळवलं तर? तो निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश वाटा कायद्यात आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. म्हणजे कायदा सापडणाऱ्याला चोर मानत नाही. पण एक उणीव उघड आहे. भरपाई धातूच्या किमतीवर मोजली तर इतिहासाची किंमत त्यात येतच नाही. दायमाबादच्या रथालाही हा कायदा मुळात तांब्याच्याच भावाने तोलतो. दीडशे वर्षांपूर्वीचा हा हिशोब बदलायला हवा, असं म्हणायला भरपूर जागा आहे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुन्या धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देवघरातला जुना टाक किंवा गावच्या मंदिरातली मूर्ती यात येऊ शकते. नोंदणीचा फायदा मालकालाच असतो, कारण चोरी झाली तर ओळख पटवायला कागद आणि फोटो हाताशी असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यात, समर्थ रामदासांच्या जन्मगावी जांब समर्थ इथल्या राम मंदिरातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मूर्ती हस्तगत केल्या. अशा तपासात पहिला प्रश्न एकच असतो, मूर्ती दिसायला कशी होती? तुमच्या गावच्या मंदिरातल्या मूर्तीचा चारही बाजूंनी काढलेला फोटो आज कुणाकडे आहे का?

मग मोडीत काहीच द्यायचं नाही का?

तसं नाही. मोड हा या धातूच्या संस्कृतीचाच भाग आहे. जुनं भांडं घेऊन नवं देणं हा कासाराचा पिढीजात व्यवहार होता. जुनं तांबं पुन्हा वापरणं खाणीतून नवं काढण्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जेत होतं. फरक एवढाच की पूर्वी वितळलेलं कासं पुन्हा भांडं होऊन त्याच परिसरातल्या घरात यायचं. आज ते वायर आणि नळाच्या तोट्या होऊन भलतीकडेच जातं.

म्हणून तराजूत टाकण्याआधी भांडं उलटं करून पाहा. त्यावर ठोक्यांनी घातलेलं नाव असेल. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, कधी सालही. लग्नात, डोहाळजेवणात, बारशात दिलेली ही भांडी. ज्या बायकांचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलं नाही, त्यांचं नाव कितीतरी घरांत फक्त एका काशाच्या ताटावर उरलं आहे. कुणाचं माहेर कुठलं होतं, कोणत्या साली लग्न झालं, याची ती एकमेव लेखी नोंद असू शकते. भट्टीत ती पहिल्या काही मिनिटांत जाते.

भांडं विकायचंच असेल तर विका. त्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक अख्ख्या भांड्याचा, एक नावाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ते कुणाचं, कुठून आलं हे फोटोखाली लिहून ठेवा. मंदिर समितीत असाल तर मूर्ती आणि घंटांची अशीच यादी करा. शेतात काही लागलं तर ते घासून चकचकीत करू नका, जागा हलवण्याआधी फोटो घ्या आणि तहसीलला अर्ज द्या.

दायमाबादच्या रथाचं वय आज नीट सांगता येत नाही, कारण तो निघाला त्या खड्ड्याची नोंद कुणी केली नाही. १९७४ मध्ये त्या शेतमजुराच्या हातात कॅमेरा असणं शक्य नव्हतं. सोनपेठच्या शिवारात आज जो कुणी नांगर धरून उभा आहे, त्याच्या खिशात तो आहे.